दोनशे अकरा अंक, काही नाही

७ नोव्हेंबर २०१४, शुक्रवार

मिरलानची मेल आली. "चारशे वक्र. काही नाही." खाली चारशे क्रमांकांची यादी. बस्स! नोवोसिबिर्स्कमध्ये अक्षरं महाग झाली असावीत. मीही तेच पाठवलं — चारशे वक्र, काही नाही. अकरा वर्षं हेच चाललंय. बिश्केकमध्ये लोक म्हणतात, माझ्या सदराला वस्तऱ्याची धार आहे. आणि वस्तरा आठवडाभर वाट बघतो त्या दोन शब्दांची!

९ नोव्हेंबर

आईने बोर्सोकच्या पुऱ्यांचं पीठ पुन्हा कॉम्प्युटरवर ठेवलं, फुगायला. "तेवढाच त्याचा उपयोग," म्हणाली. मग रविवारची चौकशी.

"तो आकडा अजून छळतोय का तुला?"

"छळतोय."

"आपल्यात माणसाला सात पिढ्यांचे बाप सांगता यावे लागतात. त्याचे किती सापडले?"

"एकही नाही."

"मग बेवारसच की गं!"

बेवारस नाही, हेच तर दुखणं. आमचे गणिताचे जुमाकादिर सर गेले, त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं, तेव्हा त्यांच्या वहीत सापडला. २११ अंकी. शेवटी नऊ, म्हणजे दोनाने जात नाही, पाचाने जात नाही. अंकांची बेरीज तीनाने जात नाही. दोनाचा अजस्र घात काढून त्याला या आकड्याने भागलं — आकडा मूळ, म्हणजे न फुटणारा, असता तर बाकी एक उरली असती. नाही उरली. म्हणजे फुटतो, हे पक्कं. कशाने फुटतो, देव जाणे. एकेक वक्र म्हणजे कुलपात घालून बघायची एकेक किल्ली. लागली तर लागली.

मिरलान माझ्याच वर्गातला. त्या दिवशी म्हणाला, "अर्धे वक्र तू चालव, अर्धे मी." आणि स्टेशनवर गेला. तो आणखी काही बोलेल म्हणून मी ताट हातात धरून उभी. पुलाव गार झाला.

१२ नोव्हेंबर

लागली!

सकाळी चहा ओतताना पडद्यावर सत्तावन्न अंकी अवयव. भागून पाहिलं. नि:शेष. मागे उरला एकशे पंचावन्न अंकी तुकडा. तोही संयुक्त असेल तर काम पुढे चालू. मूळ निघाला तर सगळं संपलं — सरांचा आकडा, वक्र, शुक्रवार. तपासायला एक सेकंद लागतो.

नाही तपासलं.

१३ नोव्हेंबर

"तोंड का असं? कोण गेलं?" आई.

"अजून कोणी नाही."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहिलं — काही नाही. अकरा वर्षांतलं पहिलं खोटं. यादीतून त्या एका वक्राचा क्रमांक पुसला आणि पाठवून दिलं. मंत्र्यांच्या थापा पकडून नाव कमावलेली बाई मी!

१७ नोव्हेंबर

मेल. सोमवारी!

"तीनशे नव्याण्णव आहेत. मधला एक राहिलाय. मी चालवतो."

मूर्ख, मूर्ख! माझे क्रमांक ओळीने असतात. पोकळी लगेच दिसणार. तिथे दुसरा एखादा टाकायचा की! पण न चालवलेला वक्र यादीत घालायचा? हात धजला नसता. मिरलानशी खोटं बोलवलं, यादीशी नाही. या असल्या सचोटीनेच माझी वाट लागली.

१९ नोव्हेंबर

एका वक्राला तासभरही लागत नाही. दोन दिवस झाले. त्याची मेल नाही.

आईने विचारलं, "मशीन बंद का? माझं पीठ बसलं."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

"सापडला. उरलेला तुकडा मूळ आहे. संपलं. आता दर शुक्रवारी तुला काय लिहू?"

अकरा वर्षांत त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न.