वीज नसताना चालणारं घड्याळ

३ ऑगस्ट १९९३, कायबारियेन, क्युबा

आलो बाबा एकदाचे. सांता क्लारातली तिसऱ्या मजल्यावरची आमची जागा एका विधुराला, आणि त्याचं समुद्राजवळचं हे बैठं घर आम्हाला. अदलाबदलीचे कागद झाले आणि ओडाल्मिस ट्रकमध्ये गादीवर बसून गाणी म्हणत आली. विधुराचा लोखंडी पलंग इतका जड, की तो तसाच सोडून गेलाय. आम्हाला बरंच झालं. शेजारचा सिल्व्हेरिओ कॉफी घेऊन आला. कॉफी कमी, भाजलेले वाटाणेच जास्त, पण माणूस गोड आहे.

ओडाल्मिसला इथल्या बेकरीत पहाटेचं काम मिळालंय. तिच्या मनगटी घड्याळाचा सेल संपला आणि देशात सेल नाहीत. कोंबड्यावर विसंबून उठते, तर इथले कोंबडे खोटारडे. म्हटलं, मी करतो घड्याळ, हिरव्या आकड्यांचं. बंद पडलेल्या रेडिओ कारखान्यातून आणलेला रशियन सुट्या भागांचा डबा आहेच. त्यावर बायको म्हणे, म्हाताऱ्या, आधी दाराची कडी बसव.

८ ऑगस्ट

कपाळ माझं. रशियन चिप विजेचे पन्नास ठोके मोजून एक सेकंद धरते, आणि आपल्याकडे विजेचे ठोके साठ. इतकी वर्षं कारखान्यात घासली आणि नेमकं हेच विसरलो. घड्याळ सुसाट पुढे पळालं. ओडाल्मिस बेकरीच्या बंद दारापुढे पायरीवर बसून राहिली आणि घरी आल्यावर माझा उद्धार केला. सिल्व्हेरिओने विचारलंच, घड्याळ करतोयस की विमान?

ते दुरुस्त केलं, तर आकडे मधेच उड्या मारतात. अर्थिंग नाही म्हणून. इथल्या सॉकेटला दोनच भोकं, त्यामुळे सगळे नळाच्या पाइपाला तार बांधतात. आमचा पाइप गंजून भुगा झालाय. शेवटी तार पलंगाच्या पायाला गुंडाळली. आता चालतंय गुमान.

११ ऑगस्ट

दुपारी वीज गेली, घड्याळ गेलं. आली तेव्हा नुसती शून्यं. या देशात वीज असते कमी, नसते जास्त. काय उपयोग असल्या घड्याळाचा?

सिल्व्हेरिओच्या मोटारसायकलची जुनी बॅटरी जोडली. ठोका विजेचा, त्यामुळे वीज गेली की आकडे नुसते पेटून थांबायला हवेत. म्हणजे किती वाजता गेली ते तरी कळेल. पण थांबत नाहीत. सेकंद पुढे सरकतात, कधी हळू, कधी भरभर. ठोका येतो कुठून? डोकं फुटायची वेळ आलीय.

१४ ऑगस्ट

सगळं खोलून पुन्हा जोडलं. चिप बदलली. तेच. एवढ्यातेवढ्यावरून ओडाल्मिसवर खेकसलो, मग स्वतःचीच लाज वाटली.

आज दुपारी वीज नव्हती. ती पलंगावर आडवी झाली, तिला झोप लागली आणि आकडे मंदावले. माझ्या हातून पक्कड पडली. ती दचकली, आकडे धावले. मी तिचं मनगट धरलं. नाडीचा एक ठोका, घड्याळाचा एक सेकंद. असं होऊच शकत नाही. चिप साठ ठोक्यांना एक सेकंद धरते, इथे एकाच ठोक्याला. तिला सांगितलं तर म्हणते, चला, बायकोचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा. मीही हसलो.

१६ ऑगस्ट

आता पलंगावर नसली तरी तेच. टेबलाशी रताळी सोलत होती. वीज आली. तिने छाती धरली आणि खाली बसली. बोटाखाली नाडी मोजताच येईना, नुसती गुणगुण, ट्रान्सफॉर्मरची असते तशी. जरा वेळाने निवळली. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा आहे, सगळ्यांनाच आहे, साखरेचं पाणी पाजा.

मी ती पलंगाची तार उद्या तोडणार.

१७ ऑगस्ट

तोडली. तिचा चेहरा पांढराफटक झाला. नाडी नाही. काहीच नाही. नुसत्या बोटांनी तार पिळून परत जोडली. डोळे उघडून विचारते, रडतोस का रे?

पिन काढून पाहिली, बॅटरी काढून पाहिली — तेच. मीच केलं हे. स्वतःच्या हाताने.

वीज नसली की घड्याळ तिच्या ठोक्यावर. वीज आली की ती विजेच्या ठोक्यावर. दर वेळी निवळायला जास्त वेळ लागतो. संध्याकाळी ओठ निळे पडले होते.

१८ ऑगस्ट

एक क्वार्ट्झ स्फटिक हवा. नखाएवढा. घड्याळाला स्वतःचा ठोका मिळाला की ते हिला सोडेल. सोडेलच. गाव पालथं घातलं — नाही. कुणाकडेच नाही. कसला देश हा.

वीज कंपनीच्या कचेरीत गेलो. हात जोडले, आमच्या गल्लीत वीज सोडू नका. सगळे खो खो हसले. म्हणाले, क्युबातला असा पहिलाच माणूस.

ओडाल्मिसला सगळं सांगितलं. चिडली नाही. म्हणाली, रताळी शिजलीत का बघ. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

१९ ऑगस्ट

सकाळपासून वीज नाही. छान. सिल्व्हेरिओ सायकलवर सांता क्लाराला गेलाय, त्याच्या मेहुण्याकडे स्फटिक आहे म्हणे. संध्याकाळपर्यंत वीज येऊ नये, बस.

ती झुलत्या खुर्चीत. माझ्या डाव्या हातात तिचं मनगट. ठोके नीट. आकडे नीट.

बंदराच्या धक्क्याच्या बाजूने आरडाओरडा. लोक ओरडतायत — आली, आली. वीज आली की गल्ली गल्ली अशीच ओरडते.

अजून लांब आहे. एकेक गल्ली सोडतात. तार तोडू? तोडली तर — नाही. ठेवली तर —

शाळेजवळची पोरं ओरडली. टाळ्या. ती ऐकतेय. म्हणते, लोक किती खूश झालेत बघ.

सायकलची घंटा? नाही, दुसराच कुणी.

मागच्या गल्लीत रेडिओ लागला. तिचा हात गार. म्हणते, सोडू नकोस हं, म्हाताऱ्या. नाही सोडत. नाही —

सिल्व्हेरिओच्या घरातला पंखा —