छोटा महिना

निंगबो, १९ नोव्हेंबर

ती. आईस नमस्कार.

तुझे गुडघे थंडीत फार त्रास देत नसतील असं धरून चालते. इकडच्या घटना क्रमाने अशा:

१. समोरच्या घरातल्या शेनबाईंनी माझ्या सगळ्या खिडक्या बंद केल्या.
२. त्यांनी मला गार पाण्याला हात लावायला मनाई केली.
३. माझी शाम्पूची बाटली त्या आपल्या घरी घेऊन गेल्या. मागितली तर देत नाहीत.
४. इमारतीच्या फोनवरच्या गटात त्यांनी लिहिलं की बाराव्या मजल्यावरच्या भारतीय मुलीला कुणी सामान उचलू देऊ नये.

आता खालचा पहारेकरीही मला बघून ओरडतो, "कानटोपी!"

शेनबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. कुरिअर आत ठेवता यावं म्हणून मीच त्यांना दाराच्या कुलपाचा आकडा दिला होता. आता त्या रोज सकाळी डबा घेऊन थेट आत येतात. डब्यात काळ्या गुळाच्या पाण्यात आलं आणि दोन उकडलेली अंडी. गोड पाण्यात अंडी, आई. दोन वर्षं पुण्यात चिनी शिकले, पण या बाईला "नको" कसं म्हणायचं ते कुणी शिकवलं नाही.

"टोपी कुठंय?"

"बाई, घरात कशाला टोपी?"

"डोक्यात वारा शिरला की म्हातारपणी कळेल. तेव्हा मी नसेन."

"याला वैद्यकीय आधार नाही."

"तू यंत्रांची इंजिनिअर. डोक्यांची नाहीस. घाल मुकाट्याने."

केसांना तेलकट वास येतो आहे. पुस्तक वाचलं तरी ओरडा, डोळे जातील म्हणून.

ऑफिसला पळावं, तर तेही नाही. मी दोन दिवसांची रजा मागितली होती. कार्यालयातली छाओ म्हणाली, "पंधरा दिवस. नियम आहे."

"मला नकोत."

"मग नकोत असा अर्ज कर. पण असा अर्ज आजवर कुणी केलेला नाही. साहेबांना सही करताना घाम फुटेल."

रोबोटच्या हाताची चाचणी मी नसताना झाली. माझ्या जागी बसवलेल्या मुलाने वेग चुकीचा लावला. हे मी टोपी घालून, घरी बसून वाचलं.

कसली रजा, हे तू एव्हाना ओळखलं असशील. लिहायचं टाळत होते.

दवाखान्यातून परतताना लिफ्टमध्ये शेनबाई भेटल्या. माझ्या हातातल्या पिशवीवर स्त्रियांच्या रुग्णालयाचं नाव होतं. इथे लोक आडून विचारत नाहीत. त्या म्हणाल्या, "किती दिवसांचं होतं?"

मी म्हणाले, "अकरा आठवड्यांचं."

त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. तेव्हापासून हे सगळं चाललं आहे.

मूल झालं की इथली बाई महिनाभर घराबाहेर पडत नाही. हे मला माहीत होतं. मूल राहिलं नाही तरी पडत नाही, हे माहीत नव्हतं. त्याला छोटा महिना म्हणतात. आपल्याकडे शेकशेगडी आहे, डिंकाचे लाडू आहेत, पण ते बाळ असेल तर. पोटातलं गेल्यावर शशीकाकू तिसऱ्या दिवशी ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती आणि घरात कुणी काही बोललं नाही, ते मला आठवतं. तुलाही आठवत असेल.

तुझ्या जावयाला, निरंजनला, सगळं माहीत आहे. तुला सांगायचं नाही असं मीच त्याला बजावलं. त्याचा व्हिसा अजून अडकलेला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की विमानप्रवासाचा किंवा कामाचा याच्याशी संबंध नाही. गर्भातच दोष होता. हे मी दोनदा विचारून घेतलं.

मी निघताना तू दारात म्हणालीस, "अशा अवस्थेत जातेस ना? मग काही झालं तर मला सांगायला येऊ नकोस." म्हणून सांगितलं नव्हतं. फोनही त्यासाठीच केला नाही. फोनवर तू "मी म्हटलं होतं ना" म्हणाली असतीस आणि मला फोन ठेवावा लागला असता. मेल निदान पुरता वाचून होतो.

शेनबाई रोज एकच विचारतात, "आई कधी येणार?" मी सांगते, व्हिसाला वेळ लागतो. काल डबा ठेवताना म्हणाल्या, "हे बघ, मी बदली शिक्षिका. वर्ग सांभाळते. पण मूळ शिक्षिका हजर कधी होणार, ते मुलीला तरी माहीत असावं."

मला माहीत नाही. त्यांच्यापुढे मी कधी रडले नव्हते. काल रडले. त्या म्हणाल्या, "रडू नकोस, डोळे जातील."

सोमवारी मी कामावर हजर होईन. तू यावंस असा हट्ट नाही, बोललीस ते मागे घे असंही म्हणत नाही. दारात म्हणालीस ते अजून लागू आहे का, एवढंच विचारते. रविवारी, तेवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत कळव. शेनबाईंना खरं उत्तर द्यायचं आहे.

तुझी
वैजू