सातवी आयत आणि माझी शिडी

आदरणीय आपाला धाकट्या भावाचा लांबूनच, पण वाकून सलाम.

इतक्या दिवसांनी माझं अक्षर बघून काळजात धस्स झालं असेल, तर आधी घोटभर पाणी पी. इकडे सगळे जिवंत आहेत आणि बऱ्यापैकी ठणठणीत आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? दुल्हाभाईंचा खोकला थांबला, की त्यांनी तो कायमचाच ठेवून घेतला? लेक आता तुझ्यापेक्षा उंच झाली असं ऐकतो, ते खरं का? (हे सगळं फोनवर विचारता येतं, मला कळतं. पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यालाच अडवतेस, आणि मला जे सांगायचंय ते तिसाव्या वाक्याच्या आत बसणारं नाही. म्हणून कागद.)

तर आपा, तुझ्या भावाने मागच्या आठवड्यात भाषण केलं. हसू नकोस. आमच्या मशिदीला लागून एक मोठी खोली आहे, तिथे मौलानांनी महिनाभरापासून नवीन प्रकार सुरू केलाय. दर रविवारी सकाळी वस्तीतल्या एका साध्या माणसाने कुराणातली एक लहान सूरा घ्यायची, ती कधी आणि कशावरून उतरली, तिचा अर्थ काय, हे आपल्या भाषेत पंधरा मिनिटांत सांगायचं. कोणीही यावं, कोणत्याही धर्माचं यावं, चहा मिळतो. पहिल्या रविवारी शिंपी बोलला, दुसऱ्या रविवारी औषधांचा दुकानदार बोलला (चाळीस मिनिटं, त्यातली पंचवीस पित्तावर), आणि तिसऱ्या रविवारी कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी पाट्या रंगवणारा माणूस, मला कुठे बोलता येतंय. मौलाना म्हणाले, इतकी वर्षं भिंतीभिंतीवर लोकांचं म्हणणं मोठ्या अक्षरात लिहिलंस, आता एकदा तोंडाने बोल. मग मी अट घातली, की सूरा छोटी द्या. त्यांनी मला ‘अल-माऊन’ दिली. सात आयती. मी मनातल्या मनात खूश झालो, कारण ही सूरा आपल्याला अब्बांनी पाचव्या वर्षी पाठ करून घेतलेली. नमाजेत घाई असली की मी तीच म्हणतो. आजवर हजारदा म्हटली असेन, आणि हजारदा ती एका श्वासात संपवली.

पण पाठ असणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं, हे मला अर्ध्या तासात कळलं. मी शाळेतून निवृत्त झालेल्या अरबीच्या मास्तरांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी जाड जाड पुस्तकं काढली. म्हणाले, बहुतेक जण ही सूरा मक्केतली मानतात, काही जण म्हणतात निम्मी तिथली आणि शेवटचा भाग मदिनेतला. सुरुवातच प्रश्नाने होते: हिशोबाच्या दिवसाला खोटं म्हणणारा माणूस पाहिलास का? आणि लगेच त्याची ओळख दिलीय. अनाथाला धक्के देऊन हाकलतो तो, आणि गरिबाच्या पोटाला घाला असं दुसऱ्याला सांगतसुद्धा नाही तो. यामागे एक हकीकत सांगतात, की मक्केतला एक बडा असामी दर आठवड्याला उंट कापायचा. एकदा एका अनाथाने त्याच्याकडे मांसाचा तुकडा मागितला, तर त्याने त्याला काठीने हाणलं. मी पेन सरसावून विचारलं, नाव काय त्याचं? मास्तर म्हणाले, त्यावर एकमत नाही. एका पुस्तकात एक नाव, दुसऱ्यात दुसरं. मी जरा हिरमुसलो. (मला भाषणात नाव मोठ्याने घ्यायचं होतं. खलनायकाचं नाव घेतलं की लोक सरसावून बसतात.) तेव्हा मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “पक्कं नसलेलंच बरं. पक्कं असतं तर बाकीचे आपण सगळे सुटलो असतो.” मला ते वाक्य फार आवडलं. मी ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं क्षणभरही मनात आणलं नाही.

गुरुवारी दुपारी मी घरी वही आणि मास्तरांचं पुस्तक पसरून बसलो होतो. चौथ्या, पाचव्या, सहाव्या आयतीपर्यंत आलो होतो: नमाज पढणाऱ्यांतल्याच अशांची खैर नाही, ज्यांचं आपल्या नमाजेकडे लक्ष नाही, जे दाखवण्यापुरतं करतात. मी त्यावर जोरदार तीन पानं लिहिली. डोळ्यांसमोर शिंपी होता. एवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरची सिस्टर. (तू तिला पाहिलं नाहीस. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, एकटी राहते, आणि निवृत्त झाल्यापासून दुप्पट काम करते. गल्लीत कोणाला इंजेक्शन, कोणाची जखम, सगळं तीच बघते.) तिला माझी शिडी हवी होती. जिन्यातला दिवा गेलाय, दहा मिनिटांत बल्ब लावून परत देते, म्हणाली.

आता शिडीबद्दल तुला सांगायला हवं. माझी जुनी लाकडी शिडी गेल्या वर्षी मोडली आणि मी ही ॲल्युमिनियमची घेतली, दोन भागांची, उघडली की दुमजली होते. तिच्यावर मी अजून रंगाचा एक ठिपका पडू दिलेला नाही. पुतण्याने एकदा तिच्यावर ओली चड्डी वाळत घातली होती, तेव्हापासून तो माझ्याशी जपून बोलतो. तर मी दार चार बोटं उघडलं, हातातली वही तिला दिसेल अशी धरली आणि म्हणालो, की मी सूरेचा अर्थ वाचतोय, आणि शिडी कामाच्या जागी आहे. आपा, शिडी दारामागे उभी होती. मी खोटं बोलून दार लोटायला गेलो, माझं कोपर शिडीला लागलं, आणि ती भिंतीवरून घसरत, दोन खिळे आणि कॅलेंडर घेऊन अशी काही कोसळली, की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकीतून डोकी काढली.

सिस्टर जिन्यात तशीच उभी होती. शांतपणे म्हणाली, “आली वाटतं कामावरून.”

आणि गेली खाली. मी गरम झालेले कान घेऊन परत वहीपाशी बसलो. पुढची आयत सातवी होती, शेवटची. ‘आणि ते माऊन देत नाहीत.’ हा शब्द मी जन्मभर म्हणत आलो, पण त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता. मास्तरांच्या पुस्तकात दिलं होतं, की काही जाणकार याचा अर्थ जकात, म्हणजे गरिबांसाठी काढायचा नेमाचा वाटा, असा करतात. आणि काही म्हणतात, माऊन म्हणजे शेजारी शेजाऱ्याला वापरायला देतो त्या बारीकसारीक वस्तू. भांडं, कुऱ्हाड, बादली. पुढे ‘इत्यादी’ लिहिलेलं होतं. त्या ‘इत्यादी’त मला माझी शिडी लख्ख दिसली, दुमजली उघडलेली.

मी तेव्हाच उठून खाली जायला हवं होतं. गेलो नाही. लाज वाटली की माणूस आधी बसून राहतो. म्हटलं, उद्या सकाळी कामाला जाताना सहज दिल्यासारखी देऊ. आणि संध्याकाळी सिस्टर स्वतःच स्टुलावर पाट, पाटावर डबा असा मनोरा रचून चढली आणि पडली. उजवं मनगट मोडलं. शेजारच्या बेकरीवाल्याने तिला दवाखान्यात नेलं. हे मला शुक्रवारी सकाळी कळलं, तिच्या कुलूप लावलेल्या दारासमोर शिडी खांद्यावर घेऊन मी उभा होतो तेव्हा.

मग मला काय सुचलं देव जाणे, मी तसाच शिडीसकट दवाखान्याकडे चालत सुटलो. फाटकावर रखवालदाराने अडवलं. कोणाला भेटायचंय, विचारलं. मी नाव सांगितलं. शिडी कशाला, विचारलं. मी म्हटलं, त्यांना हवी होती. त्याने मला नीट न्याहाळून बघितलं आणि सांगितलं, की रुग्णासोबत एक नातेवाईक चालतो, शिडी चालत नाही. मी ती त्याच्यापाशी ठेवून आत गेलो. सिस्टर बाकावर बसली होती, कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर. वाटेत मी माफीची पाच वाक्यं तयार केली होती. तिला बघितल्यावर पहिल्याचा पहिला शब्दही आठवेना. मी एवढंच म्हणालो, “शिडी आणलीय.”

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. म्हणाली, बेकरीवाल्याच्या आईच्या पायाची जखम रोज धुवावी लागते, आज कोण धुणार? मधुमेहाची जखम आहे, दोन दिवस चुकले तर चिघळेल. डाव्या हाताने औषध लावता येईल, पण पट्टी धरायला दुसरा माणूस पाहिजे, आणि त्याचा हात थरथरता कामा नये. मग माझ्या बोटांकडे बघत राहिली. आपा, तीस वर्षं मी दोरीवर लटकून सरळ रेघा मारल्यात. हात थरथरत नाही, हे एवढंच माझ्याकडे आहे.

बाहेर आलो तर शिडी जागेवर नाही. रखवालदार म्हणाला, दवाखान्याचा इलेक्ट्रिशियन घेऊन गेला, तासाभरात आणेल. एरवी मी तिथे काय केलं असतं हे तुला ठाऊक आहे. मी गप्प बसलो. तो तीन तासांनी आला, शिडीवर हिरव्या रंगाचा हा एवढा डाग. तरी गप्प बसलो. (मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

तेव्हापासून रोज सकाळी मी सिस्टरची पिशवी घेऊन तिच्यामागे गल्लीत फिरतो. पहिल्या दिवशी म्हातारीची जखम उघडी केल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी पिठाच्या पोत्यावर बसलो. म्हातारीनेच मला पंख्याने वारा घातला. दुसऱ्या दिवशी उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, गाठ चांगली मारता. पाटीबद्दल इतक्या वर्षांत मला इतकं चांगलं कोणी म्हटलं नव्हतं.

रविवारी खोली गच्च भरली होती, साठेक माणसं. माझ्याकडे अकरा पानं तयार होती, भारदस्त, त्यात मी कुठेच नव्हतो. उभा राहिलो आणि समोर बायकांच्या बाजूला, पहिल्याच ओळीत, गळ्यात हात बांधलेली सिस्टर. मक्केतला तो बडा असामी, उंट, अनाथ, काठी, सगळं सांगितलं. नमाजेकडे लक्ष नसणाऱ्यांचं सांगितलं, पण शिंप्याकडे बघवेना. मग माऊनपाशी आलो आणि अकरावं पान घडी करून खिशात घातलं. म्हणालो, “त्या माणसाचं नाव काय, यावर पुस्तकांचं एकमत नाही. पण आपल्या जिन्यातला जो आहे, त्याचं नाव मला माहीत आहे.” आणि सांगितलं सगळं. वही हातात धरून खोटं बोललो तेही, शिडी पडली तेही.  आपली नमाज आणि शेजाऱ्याची बादली या दोन्ही गोष्टी एवढ्याशा सूरेत एकाशेजारी एक ठेवल्यात, आणि मी मधे दार लावून घेतलं होतं, असं काहीतरी बोललो. आणि खाली बसलो.

मग शिंपी उठला. मला वाटलं, आता हा मला सोलणार. तो खाली बघत म्हणाला, की औषधवाल्याचं ड्रिल मशीन पाच महिन्यांपासून माझ्याकडे आहे, आणि तो मागायला आला की मी दुकानाच्या मागच्या दाराने जातो. औषधवाला म्हणाला, तुझी छत्री माझ्याकडे आहे म्हणून मी जोर करत नव्हतो. मग जी काही रीघ लागली! कोणाचा कुकर, कोणाचा सायकलमध्ये हवा भरायचा पंप, एकाचं तर दार. मौलानांनी शेवटी हात वर करून सांगितलं, की माझ्याकडेही मास्तरांची दोन पुस्तकं आहेत, आता चहा घ्या.

चहाच्या वेळी सिस्टर माझ्यापाशी आली. मी मान खाली घालून उभा. ती म्हणाली, “बोललात चांगलं. बल्ब अजून लागलेला नाही.”

तो त्याच दुपारी लावला. मी वर, आणि शिडी धरायला खाली सात जण. आता शिडी माझ्या घरी फारशी नसतेच. कोणाकडे आहे हे जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहितात. मी कामाला निघण्याआधी तो वाचतो. प्लास्टर महिन्याने निघेल, डॉक्टर म्हणतात हाड जागेवर बसतंय. म्हातारीची जखमही कडेने भरत आलीय. मौलाना पुढच्या महिन्यात मला पुन्हा बोलायला सांगतायत, मी अजून हो म्हटलेलं नाही.

दुल्हाभाईंना सलाम, लेकीला खूप आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. साठ माणसांसमोर शिडीचं सांगितलं, पण एक गोष्ट सांगितली नाही. साठ जणांसमोर बोलणं सोपं असतं, तुझ्यासमोर नाही. तीन वर्षांपूर्वी तू लेकीच्या शिवणक्लाससाठी अम्मीचं शिलाई मशीन मागितलं होतंस आणि मी लिहिलं होतं, की ते बिघडलंय, चाक अडकतं. चाक अडकत नाही, आपा. कधीच अडकलं नव्हतं. आमच्याकडे कोणी शिवत नाही, मी त्यावर रंगाचे डबे ठेवतो. हे पत्रही त्याच्याच झाकणावर लिहितोय.

ता. क. २. डबे काढले, पुसलं, तेल घातलं. ते पार्सलने पाठवणार नाही, वाटेत मोडेल. तू आणि लेक येऊन घेऊन जा, आणि आलात की निदान आठ दिवस राहा. पत्र लिहायचं कारण खरं तर एवढंच होतं.

ता. क. ३. चालतं का बघायला काल मी त्यावर एक शिवण घातली. पार वाकडी आली. लेकीला सांग, मशीनचा त्यात काही दोष नाही.