खोक्यावरची साय

१० सप्टेंबर

पोचलो एकदाचा आखातात. विमानात कान ठणकले, भजी म्हणून दिलं ते भजी नव्हतं, पण बाहेर आलो तर नीलेश दाराशीच उभा. अंगाने भरलाय पोरगा. पितृपक्षात घर सोडू नका म्हणून पोराची आई, सत्यभामा, कटकट करत होती. आता फोनवर म्हणते, माझ्या वाटचा त्याच्या डोक्यावरून हात फिरवा. फिरवला.

येताना दीड दिरहॅमचा चहा घेतला. म्हणजे छत्तीस रुपये. मी निम्मा नीलेशला ठेवला, तर तो हसायला लागला.

इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत सहाजण राहतात, सगळे आपल्या कोकणातले. जागा नूरुद्दीनभाईंनी भाड्याने घेतलेली. ते रत्नागिरीकडचे, ड्रॅगन मार्टात दुकान आहे त्यांचं. म्हणाले, महादूकाका, घर आपलंच समजा, फक्त संडासाला नंबर लावा. माणूस चांगला.

काळजी लागली की माझं तोंड थांबत नाही, म्हणून नीलेशने ही वही दिली. माझ्या कानाशी कुरकुर करण्यापेक्षा ह्यात करा म्हणाला. सातवी शिकलोय, अक्षर बरं आहे.

१२ सप्टेंबर

नीलेशच्या खाटेखाली एक काळं खोकं आहे. त्याला सर्व्हर म्हणतात. कॉम्प्युटरच, पण दिवसरात्र चालू ठेवायचा. रोल्लाच्या बाजारातून जुना आणला आणि त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी वस्तू घातली. नीलेशने केलेली वेबसाईट ह्याच खोक्यातून सगळ्या जगाला दिसते. एक ऑक्टोबरला कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी त्याचा इंटरव्ह्यू आहे. ते साहेब लोक तिथे बसून ह्या खोक्यात डोकावणार. मधे बंद पडलं होतं का, तेही त्यांना कळतं. नोकरी लागली तर एसीच्या डक्टचं काम सुटेल. डक्टला गुंडाळतात त्या काचेच्या कापसाने पोराचं अंग कायम खाजतं.

बाकी घाण म्हणजे घाण. न्हाणीच्या जाळीत सहाजणांचे केस. स्वयंपाकघराच्या भिंतीला बोट लावलं तर बोट चिकटतं. मी दिवसभर घासत बसतो. खोक्याच्या जाळीवरही करडी धूळ. धूळ बहुतेक माणसाच्या कातडीचीच असते, असं नीलेश म्हणाला. दुपारचा भात गेला नाही मला.

१४ सप्टेंबर, रविवार

खोक्याचा पंखा सकाळपासून कुईकुई करत होता. वरच्या खाटेवरचा वासुदेव ओरडला, नील्या, तुझी म्हैस व्यायला झाली काय? बाकीचे दात काढायला लागले. नीलेश बाजारात गेला होता. मी कापसाची वात खोबरेल तेलात बुडवली आणि पंख्याच्या मधोमध दोन थेंब सोडले. आईच्या शिलाई मशीनला असंच करायचो. आवाज एकदम बंद. वासुदेव म्हणाला, काका, तुम्हीच द्या इंटरव्ह्यू.

नीलेश आल्यावर सांगितलं. कपाळाला आठ्या पडल्या. डोक्याचं तेल कोणी मशीनला घालतं का बाबा, म्हणाला. पण चालत होतं, म्हणून तसंच राहू दिलं.

१८ सप्टेंबर

कामाच्या साईटवरून नीलेशचा फोन. खोक्याची उष्णता मोबाईलवर चुकीची दिसते, पडद्यावर बघून सांगा म्हणाला. एकेक इंग्रजी अक्षर त्याने सांगितलं, मी दाबलं. काळ्या पडद्यावर आकडा आला. सदतीस. आधी पंचावन्नच्या खाली कधी येत नव्हता म्हणे. काम वाढवून बघितलं, तरी सदतीस. हलेचना. उष्णता मोजणारी चिप गेली असेल, म्हणाला.

मग मी जाळी पुसायला बसलो. धूळ निघेना. नखाने टोक उचललं तर दुधाच्या सायीसारखी अख्खी वर आली. करडी नव्हती आता. पिवळट, ओशट, मऊ. आणि कोमट. उलट्या बाजूला बारीक केस होते. ती पिशवीत बांधली आणि खाली कचऱ्यात टाकून आलो. साबणाने तीनदा हात धुतले. वास जात नाही. खोबरेल तेल आणि माणूस, असा वास.

नीलेश आला तो दंड खाजवतच. दंडावर तळहाताएवढं कातडं सोललेलं. कापसाने झालं म्हणतो.

२१ सप्टेंबर, रविवार

दोघांनी मिळून खोकं चालू ठेवूनच उघडलं. आत सगळीकडे तीच साय. तारांवर, पंख्यावर, कोपऱ्यांत. तिला घामाची भोकं आहेत, मला दिसली. एसीचा झोत आला तेव्हा तिच्यावर काटा उभा राहिला. नीलेश म्हणाला, तेलाने धूळ चिकटली, बाबा, दुसरं काही नाही. ब्रशने खरवडून काढली. प्रत्येक फटकाऱ्याला तो स्वतःच तोंड वाकडं करत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

अर्ध्या तासात पडद्यावर चाळीस. नीलेशला हात लावला तर अंग फणफणलेलं. खोक्याखाली फरशीवर पाणी साचलंय. पुसलं. घाम आहे. लहानपणी ताप आला की त्याच्या गळ्याला यायचा तोच वास.

२३ सप्टेंबर

दवाखान्यात अ‍ॅलर्जी म्हणाले. मलम दिलंय. मलम लावताना माझ्या बोटांना कातडी लागतच नाही, ओलंच लागतं. नीलेश खाटेवर पडून आहे. जेवत नाही.

साय पुन्हा धरली. आता जाड आहे. मला तिच्याकडे बघवत नाही आणि दुसरीकडे बघत बसवत नाही.

२४ सप्टेंबर

चार वर्षांचा असताना नीलेशच्या डाव्या मनगटावर उकळती पेज सांडली होती. त्याचा व्रण, चंद्रकोरीसारखा.

तो व्रण खोक्यावर आहे. जाळीच्या वर, डाव्या अंगाला. मी बोट फिरवलं. तोच.

नीलेशच्या मनगटावर काही नाही. तिथे नुसतं लाल.

नूरुद्दीनभाईंना बोलावून दाखवलं. ते नाक धरून मागे सरले. म्हणाले, काका, हे सडलेलं खोकं आजच फेकून देतो. हात घालणार तोच नीलेश खाटेवरून रडायला लागला. मोठा माणूस, पोरासारखा. एक तारखेपर्यंत राहू द्या म्हणाला. भाईंनी हात मागे घेतला.

२५ सप्टेंबर

दुपारी तो झोपला तेव्हा मीच प्लग ओढला. खड्ड्यात गेली नोकरी.

पंखा थांबला. नीलेशची छाती थांबली. ओठ निळे— मी प्लग घालत होतो, भोक सापडेना— घातला. पंखा फिरला. त्याने श्वास घेतला. दोन्ही एकदम.

नीलेशला खोक्यासकट हॉस्पिटलात न्यावं, तर वाटेत ते चालणार कशावर?

२६ सप्टेंबर

लिफ्टशेजारी कागद लावलाय. वासुदेवने वाचून दाखवला. रविवारी इमारतीची वीज बंद. दुरुस्ती. सकाळी दहा ते दोन.

वॉचमनचे पाय धरले. म्हणतो, चाचा, मेरे हाथ में नहीं.

नूरुद्दीनभाईंनी दुकानातून बॅटरीचा ठोकळा आणून दिला. वीज गेली तरी खोकं त्यावर चालतं. किती वेळ, विचारलं. अर्धा तास, जास्तीत जास्त. अजून दोन बघतो, इन्शाल्ला, म्हणाले. खोक्यावर पोराचा जीव आहे, हे त्यांनाही समजलंय. खोक्याकडे बघत नाहीत ते.

२७ सप्टेंबर

साय सगळीकडे. झाकण बसत नाही खोक्याचं. खाली कानाच्या पाळीसारखं काही— मी तिकडे टॉवेल टाकला. टॉवेल हलतो.

नीलेश बोलत नाही. चादर त्याला चिकटते. सोडवताना— नाही लिहिणार.

सत्यभामेचा फोन आला. झोपलाय म्हणालो.

२८ सप्टेंबर

वीज गेली. बाकीचे बाहेर. भाई बॅटऱ्या घेऊन निघालेत, वाटेत ट्रॅफिक.

ठोकळा ओरडतोय. एसी नाही. वास— देवा, काय हा वास.

भाई खाली पोचले. लिफ्ट बंद. जिन्याने चढतायत.

ठोकळा गप्प झाला. पंखा संपला.

साय थंड पडत चाललीय. नीलेशही. फरशीसारखा थंड. दोघांना ऊब हवी, एवढंच तर हवं. सदतीस. माझ्याकडे आहे की सदतीस.

सदरा काढला. खोकं उराशी धरलंय. बुळबुळीत आहे, केस छातीला घासतात, ओकलो, त्याच्यावरच ओकलो, पण सोडलं नाही. गरम होतंय. नीलेशने श्वास घेतला. पुन्हा घेतला.

डाव्या हाताने लिहितोय. उजवा सुटत नाही. ओढून बघितला, कातडी कुठे माझी संपते ते—

नीलेशचे ओठ लाल झालेत. डोळे उघडतोय.

भाई दार वाजवतायत. उठता येत नाही. नीलेशला सांगायचंय, इकडे बघू नकोस, आधी दार उघड, बाळा, इकडे ब