ती पिन बसत नाही

चंदीगड, शनिवार, २१ नोव्हेंबर १९८७

आज महाराष्ट्र मंडळात माझी गोष्ट वाचली. नायक घरच्या ट्रान्झिस्टरची पिन अतिरेक्यांच्या वायरलेसमध्ये खुपसतो आणि त्यांचा सगळा बेत ऐकतो. वीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय, ती पिन तिथे बसत नाही हे मला ठाऊक नाही? पण टाळ्या पडल्या.

नंतर मंडळातल्या एका फौजी सुभेदारांची बायको हळूच म्हणाली, "भाऊजी, हे अमृतसरकडे वायरलेसवरच असतात. पंधरा दिवस पत्र नाही. आमच्या ट्रान्झिस्टरला तशी पिन लावून द्याल? नुसता आवाज ऐकायचाय."

आवाजावरून कळलं, बाई कित्येक रात्री झोपलेली नाही. पिन बसत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण लोक भोवती कौतुक करत होते. म्हणालो, "सोमवारी दुकानात आणा, वहिनी. बघू."

उद्याच त्यांच्या क्वार्टरवर जाऊन खरं सांगायला हवं. आणि मी आत्तापासूनच सबबी शोधतोय.