एसटी न जाणारं विद्यापीठ

आई, तुला काय शिकायचंय आणि मला काय शिकायचंय, हे आपल्या दोघींना कुणी कधी विचारलं नाही. ओढ्याला पूर आला तेव्हा तुझी शाळा सुटली, आणि ओढा उतरल्यावर तुला परत पाठवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझं कॉलेज एसटीनं ठरवलं. वाचनालयातली अनुवादित पुस्तकं वाचून माझं डोकं फिरलं होतं, मला रशियन शिकायचं होतं, आणि ते पुण्यात शिकवतात एवढं मी शोधून काढलं होतं. तू चुलीपुढं भाकरी थापतेस. माझ्याकडं बघतही नाहीस. म्हणतेस, "पुण्याला न्हाई. सांगलीची गाडी आपल्यात मुक्कामाला येती. सकाळी तीच गाडी, सांजच्याला तीच गाडी. कंडक्टर वळकीचा हाय." झालं, विषय संपला. कुठं काय चांगलं शिकवतात हा प्रश्नच नव्हता. शिराळ्याच्या त्या पट्ट्यातल्या आम्हा सगळ्या मुलींची विद्यापीठं एसटीच्या वेळापत्रकानं नेमून दिली होती.

त्याचा राग मी आजवर वापरत आले. तू गेल्यावर मी बोलायला लागले, लोणंदपासून माधवनगरपर्यंत, शाळांच्या पटांगणात, गिरणीच्या कामगारांपुढं, हळदीकुंकवाच्या मांडवात. मुलीच्या शिक्षणाची हद्द शेवटच्या गाडीवर ठरवू नका, हे वाक्य मी इतक्या ठिकाणी बोलले आहे की लोक ते माझ्याआधी म्हणतात. ते वाक्य खरं आहे. आजही त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही. पण गेल्या महिन्यात लोणंदला भाषण संपल्यावर एक बाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बाई, आमच्या पोरींचं झालं. तुमची कुटं धाडताय?" मांडव हसला. तिला हवं तिथं, असं मी ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढचा प्रश्न यायच्या आत मी माइक खाली ठेवला.

कारण तुझी नात जपानी शिकते, आई. तू तिला पाहिलं नाहीस. साताऱ्यात बसून, मोबाइलवर ऐकून, वह्याच्या वह्या भरून ती इतकं शिकली की आता तिच्यापुढं दोन विद्यापीठं आहेत. एक पुण्याचं. सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचता येतं, आजारी पडली तर मी दोन-तीन तासांत उशाशी. दुसरं थेट जपानात, समुद्राकाठच्या एका लहानशा गावात. मी तिला विचारलं, पुण्यात काय वाईट आहे? ती म्हणाली, वाईट काही नाही, पण तिथं मला कंपनीपुरती जपानी येईल. मला तिथल्या म्हाताऱ्या बाजारात एकमेकींच्या कानात काय बोलतात ते कळायला हवंय. मग म्हणाली, ती भाषा आपल्यासारखीच आहे, क्रियापद शेवटी येतं. वाक्य संपेपर्यंत माणसाला थांबावं लागतं. हे ऐकून मला अभिमान वाटायला हवा होता. मी विचारलं काय, तर विद्यापीठाच्या गेटपर्यंत बस जाते का.

परवा त्या विद्यापीठाची मुलाखत झाली, संगणकावर. रेंज चांगली म्हणून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, आणि मी कुकर उतरवून, एक भांडं वाजू न देता, ओट्याला टेकून उभी. पलीकडच्या पांढऱ्या केसांच्या बाई लांबलांब काहीतरी सांगत होत्या, आणि ही प्रत्येक वाक्याला मान लववून म्हणत होती, "हाय. हाय." तो शब्द माझ्या ओळखीचा होता. कोयनेच्या बाजूनं जमीन हलली की आपल्या फडताळातली भांडी वाजायची, आठवतं? तू आम्हाला अंगणात लोटायचीस आणि धुळीत एकेकाला नाव घेऊन विचारायचीस, "हायस न्हवं गं?" मी म्हणायची, "हाय." तेवढं ऐकलं की तू मटकन खाली बसायचीस. जगात तुला दुसरं काही नको असायचं. आणि इथं माझी लेक तोच शब्द एका परक्या बाईला देत होती, पुन्हा पुन्हा, आणि मला वाटलं, ही गेली. मला न विचारता सगळ्याला हो म्हणून मोकळी झाली.

मुलाखत संपल्यावर मी तिला झापलंच. काय काय कबूल करून बसलीस म्हणाले, तिथं रोज जमीन हलते. तिनं शांतपणे विचारलं, इथं हलत नाही का? तिचे बाबा हॉलमधून म्हणाले, सभा घरात नको. मग ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "अगं आई, 'हाय' म्हणजे दर वेळी होकार नसतो तिथं. ऐकतेय, इथंच आहे, एवढंच. होकार नंतर कळवायचाय, शनिवारपर्यंत."

मी म्हणाले, "मग?"

"मग तू सांग. तू नको म्हणालीस तर पुणं. मी रागावणार नाही, खरंच."

हे शेवटचं तिनं बोलायला नको होतं. मी तरी तुझ्यावर रागावले होते; त्या रागावर मी उभी राहिले. ही रागावणार नाही. माझी भीती ही मुकाट्यानं पदरात घेईल, साताऱ्याहून पुण्याला जात येत राहील, आणि मला कधी टोचूनही बोलणार नाही. दोन दिवस मी डोळ्यांपुढं नकाशा घेऊन फिरतेय. निळ्या पाण्याला चिकटलेलं ते गाव, आणि जमीन हलली की पाणी वर येतं म्हणे तिथं. 'नको' हा शब्द इतका जिभेवर आहे की मी तिच्याशी मीठ दे, दार लाव यापलीकडं बोलत नाही. आई, भाकरी थापताना तू खाली का बघत होतीस ते मला आत्ता कळतंय. तुझी मान वर झाली असती तर तुझा चेहरा मला दिसला असता.

तुझ्या भीतीला मी कधी चुकीची म्हणणार नाही आता. पण तिचं ऐकणारही नाही. हे पत्र तुला पोचायचं नाही, पाठवायला पत्ताच नाही. आणि खरं सांगते, हजार माणसांपुढं घसा न सुकणाऱ्या मला पुढचं एक वाक्य पोरीसमोर उभं राहून बोलवत नाही. म्हणून इथं, तुझ्या आड उभी राहून, तिला सांगते, आणि हा कागद तिच्या वहीत ठेवते.

बाळ, शनिवारची वाट बघू नकोस, माझ्याकडं परत विचारायला येऊ नकोस. आत्ता, मी धीर सोडायच्या आत, जपानला होकार कळव.