कंबर पंचवीस, चोवीस, बावीस

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, विधवा, दोन हयात मुलांची आई, आज पूर्ण शुद्धीत आणि आपल्या मर्जीनं हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणणार कोण? मुलगा माझ्यासमोर मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही. सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवते, तेव्हा डोकं ठिकाणावर असल्याचा वेगळा दाखला मागू नये. याआधी मी असा कागद केलेला नाही. कोणी काढून दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम १. राहतं घर, म्हणजे पुढची शिवणाची खोली, मागच्या दोन खोल्या आणि परसातलं तुतीचं झाड, मुलगा आणि सून यांना मिळून द्यावं. दोघांच्या नावावर, हे नीट वाचावं. सुनेनं माझं बारा वर्षं केलं. तोंडानं फटकळ आहे, पण वाढताना हात आखडला नाही. तुती मात्र तोडू नये. फळांचे डाग फरशीवर पडतात म्हणून ती झाडावर टपून बसली आहे, हे मला दिसत नाही असं तिनं समजू नये.

कलम २. पायमशीन कोपऱ्यावर काज-बटणं करणाऱ्या बाईला द्यावं, कारण ती मशीनला वेळेवर तेल घालते. नात्यात कोणाला देऊ नये, लोक त्यावर कापड टाकून कुंडी ठेवतात. मोठी कातर समोरच्या शेजारणीकडे आहे. "दोन मिनिटांत आणून देते," म्हणून नेली, त्याला सहा वर्षं झाली. तिनं त्या कातरीनं पत्रा कापला असेल तर आता तिलाच राहू द्यावी, आणि मी तिला माफ केलेलं नाही, असा निरोप सांगावा.

कलम ३. बँकेत आहे ते मला पोचवायला पुरेल. उरलंसुरलं मुलाचं.

कलम ४. पत्र्याच्या पेटीतले कपडे. थंडी सरली, तुतीला पालवी फुटली, की मी एक अख्खा तागा आणायची आणि त्यातून घरातल्या पाचही जणांना कपडे शिवायची. आमच्या ह्यांचा शर्ट, मुलाचा शर्ट, थोरलीचा झगा, धाकटीचा फ्रॉक, आणि शेवटी उरेल त्यात माझं काहीतरी. सगळं एकाच छापाचं. मग पहिल्या उबदार रविवारी ते घालून आम्ही तळ्यावर जायचो. पाव, उकडलेली अंडी, ह्यांच्या खिशात मिठाची पुडी. गल्लीतले म्हणायचे, "निघाला बघा बँड!" ह्यांना भारी लाज वाटायची, तरी सगळ्यांच्या आधी शर्ट घालून दारात उभे तेच असायचे. आमच्याकडे सुख म्हणून होतं ते एवढंच, आणि ते पुष्कळ होतं. ते कपडे उशांत भरावेत. पिवळ्या फुलांचा फ्रॉक त्यातून वगळावा आणि माझ्याबरोबर द्यावा.

कलम ५. हे कलम सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं. माझ्या नणंदबाईंना ऐकू कमी येतं, त्यांना पुढं बसवावं.

धाकटीला सगळे ढब्बू म्हणायचे. होतीच तशी गुटगुटीत. नवव्या वर्षी तिला कापड मोठ्या बाईइतकं लागायचं आणि मी त्यावरून तिला चिडवायची. त्या वर्षी थंडीच्या शेवटी मी तिचं माप घेतलं, कंबर पंचवीस. तीन आठवड्यांनी फ्रॉक अंगाला लावून बघितला तर ढगळ. टेप लावली, चोवीस. म्हटलं, आधीचं माप आपलंच चुकलं असेल. बाजूनं टीप घातली. तळ्यावर जायच्या आदल्या दिवशी पुन्हा ढगळ. बावीस.

"आई, तू मोठाच शिवलायस," ती म्हणाली.

"अगं, उंच व्हायला लागलीस ना, म्हणून अंग काढतेयस," मी म्हणाले आणि दुसरी टीप घातली.

फ्रॉक असा काही बसला की मला माझंच कौतुक वाटलं. टेप न ठेवणारी दुसरी कुठलीही आई पोरीच्या तोंडाकडे बघती तर घाबरली असती. मी तोंडाकडे बघितलंच नाही. मी शिवण सरळ आली का ते बघत होते. तीन इंच पोर माझ्या हातातून गेली आणि मी ती टीप घालून झाकली.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर थोरली, तेव्हा सतरा वर्षांची, तिला गुडघाभर पाण्यात घेऊन गेली. दोघी चिंब भिजून खिदळत आल्या. संध्याकाळी ढब्बूला ताप भरला आणि सव्विसाव्या दिवशी ती गेली.

तिच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात, औषध आणायला आमचे हे खाली गेलेले असताना, डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "आजार रक्तातला आहे, पाण्याशी काही संबंध नाही. दोन-तीन महिने वजन घटत असणार. तुमच्या लक्षात नाही आलं?"

मी म्हणाले, "नाही."

हे खोटं होतं. माझ्या लक्षात आलं होतं, इंचासकट. वेळेत आणली असती तर वाचली असती का, हे मी त्यांना विचारलं नाही. तीस वर्षांत कोणालाही विचारलेलं नाही.

ती गेल्यावर घरी आलो, तेव्हा नणंदबाई भरल्या घरात म्हणाल्या, "थोरलीनं पाण्यात नेली, म्हणून गेली पोर." सगळे माझ्याकडे बघत होते. थोरलीसुद्धा. माझ्या एका वाक्याचं काम होतं, आणि मी पदर तोंडाला लावून रडत बसले. ह्यांनी त्या दिवसापासून थोरलीशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी ती लांब लग्न करून निघून गेली. त्यानंतर या घरात तागा आला नाही.

म्हणून लिहून देते की थोरली निर्दोष आहे. माझ्या मापांच्या वहीत त्या वर्षीच्या पानावर तिन्ही मापं तारखांसकट आहेत, आणि तिन्ही तळ्याच्या रविवारच्या आधीची आहेत. वही थोरलीला द्यावी. दुसरं काही देत नाही. घर दिलं असतं तर ती मोबदला समजली असती, आणि याला मोबदला नाही.

कलम ६. हे कलम वकीलबाईंच्या सांगण्यावरून जोडते. वरचा मजकूर वाचून त्या चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "आजी, हे मेल्यावर कशाला? आत्ता सांगा ना. फोन लावून देऊ?"

मी म्हटलं, गेल्या महिन्यात संधी आली होती. थोरली फोनवर सांगत होती, "लेकीची सहल तळ्यावर होती गं. बारा वर्षांची झाली, पण नाही पाठवली. रडून रडून झोपली बिचारी. काय करू? एकदा माझ्या हातून झालंय ना." त्यावर मी काय म्हणाले असेन? "जेवलीस का?" म्हणाले.

वकीलबाईंनी ऐकलं नाही. नंबर मागून घेतला, लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"आई? आज मंगळवारी कसा फोन केलास? बरी आहेस ना?"

"आहे."

"मग?"

तोंड उघडलं होतं. वकीलबाई साक्षीला आहेत.

"काही नाही गं. सहज."

"बरं. काळजी घे."

तेव्हा थोरलीला कळावं, की आज सकाळी अकराला तुला जो फोन आला होता, तो हे सांगायला केला होता.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली.
तारीख: वकीलबाईंनी पहिल्या पानावर घातली आहे. वार मंगळवार, तुतीला फळ धरलं आहे.

लिहून ठेवणार: (सही) धाकटीची आणि थोरलीची आई

आमच्यासमोर सही केली:
१. (सही) वकीलबाई
२. (सही) कोपऱ्यावरचा घड्याळजी. कलम ५ आणि ६ न वाचता, फक्त सही पाहून